बीसीसी, एफसीसी, एचसीपी: धातूंच्या क्रिस्टल स्ट्रक्चरबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न

मटेरियल सायन्स पहिल्यांदा शिकणाऱ्यांचे मेसेज येतात त्यात फिरून फिरून तेच वीसेक डाउट असतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. बीसीसी (बॉडी-सेंटर्ड क्युबिक), एफसीसी (फेस-सेंटर्ड क्युबिक) आणि एचसीपी (हेक्सागोनल क्लोज-पॅक्ड) म्हणजे धातूंतले अणू रचले जायच्या तीन मुख्य पद्धती, सविस्तर प्रश्न ३ मध्ये. सुरुवातीचे सोपे आहेत, ज्यांना ते येतं त्यांनी सरळ आठव्या प्रश्नापासून वाचा, खरी गंमत तिथून पुढे आहे.

१. क्रिस्टल म्हणजे मिठाचा खडा किंवा हिरा असं डोक्यात येतं. स्टीलचा चमचा क्रिस्टल कसा काय?

क्रिस्टल म्हणजे चकाकणारं, कोन असलेलं काहीतरी ही व्याख्याच नाही. आतले अणू ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या दिशेत, तोच तोच नमुना गिरवत बसलेत की झालं क्रिस्टल. चमच्यात तसंच आहे, फक्त तो एक मोठा क्रिस्टल नसून बारीक बारीक लाखो क्रिस्टल एकमेकांना चिकटून बनलाय, म्हणून बाहेरून कोन दिसत नाहीत. या बारीक क्रिस्टलना ग्रेन म्हणतात, डोळ्यांनी कुठे दिसतात ते प्रश्न ११ मध्ये.

२. लॅटिस, युनिट सेल आणि क्रिस्टल स्ट्रक्चर एकच ना?

नाही. लॅटिस म्हणजे नुसते बिंदू, त्यात अणू नाहीत, गणितातली कल्पना आहे ती. त्या प्रत्येक बिंदूवर अणू (किंवा अणूंचा गट) बसवला की क्रिस्टल स्ट्रक्चर. आणि युनिट सेल म्हणजे असा छोटा डबा जो तिन्ही दिशांना रचत गेलं की अख्खा क्रिस्टल तयार होतो. एचसीपीला हा फरक खरंच लागतो, कारण तिथे लॅटिसच्या एका बिंदूमागे दोन अणू असतात.

३. बीसीसी, एफसीसी, एचसीपी यात नेमका फरक काय आणि कुठला धातू कशात?

बीसीसी: घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक मधोमध. नेहमीच्या तापमानाचं लोखंड, क्रोमियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, सोडियम.
एफसीसी: आठ कोपरे आणि सहा बाजूंच्या मध्यभागी एकेक. तांबं, ॲल्युमिनियम, चांदी, सोनं, निकेल, शिसं, प्लॅटिनम.
एचसीपी: षटकोनी थर एकावर एक. जस्त, मॅग्नेशियम, टायटॅनियम, कोबाल्ट, कॅडमियम.

पाठ करायची ट्रिक सगळे मागतात. माझ्याकडे एकच कच्ची ट्रिक आहे, दागिन्यांचे आणि तारांचे धातू बहुतेक एफसीसी. बाकी वापरून वापरून लक्षात राहतं.

४. कोपऱ्यातला अणू १/८ का धरायचा? अणू कापलेला असतो का?

कापलेला बिलकुल नसतो, हा फक्त वाटणीचा हिशोब आहे. एका कोपऱ्यात आठ सेल एकत्र येतात म्हणून तिथल्या अणूचा आठवा हिस्सा आपल्या सेलचा, बाजूच्या मध्यावरचा अणू दोन सेलमध्ये म्हणून अर्धा, आणि पोटातला पूर्ण आपला. बीसीसी: ८ × १/८ + १ = २. एफसीसी: ८ × १/८ + ६ × १/२ = ४. एचसीपीच्या मोठ्या षटकोनी सेलमध्ये ६ येतात. तिथे कोपरे बारा, आणि कोपऱ्यातला अणू सहा सेलमध्ये वाटला जातो, आठ नाही, इथे भरपूर लोक मार्क घालवतात.

५. पॅकिंग फॅक्टरचे (सेलचा किती हिस्सा अणूंनी भरलाय त्याचे) ०.६८ आणि ०.७४ हे आकडे कुठून आले?

अणूंना कडक गोळे समजा आणि बघा कुठल्या दिशेने ते एकमेकांना टेकतात. बीसीसीमध्ये कोपऱ्यातले अणू आपसात टेकत नाहीत, मधल्याला टेकतात, म्हणजे घनाच्या आरपार कर्णावर चार त्रिज्या मावतात, म्हणून √३ × बाजू = ४ × त्रिज्या (इथून पुढे सेलची बाजू म्हणजे घनाच्या कडेची लांबी). एफसीसीमध्ये बाजूच्या चौकोनाच्या कर्णावर टेकतात, म्हणून √२ × बाजू = ४ × त्रिज्या. आता गोळ्यांचं एकूण घनफळ भागिले सेलचं घनफळ काढा, पहिल्यात ०.६८ आणि दुसऱ्यात ०.७४ येतं.

एकसारखे गोळे ०.७४ पेक्षा दाट रचताच येत नाहीत असं केप्लरने १६११ मध्ये म्हणून ठेवलं होतं, आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्सने १९९८ मध्ये मांडली. फळवाल्याला जे रोज रचताना कळतं ते सिद्ध करायला गणितज्ञांना जवळपास चारशे वर्षं लागली.

६. यावरून घनता कशी काढायची? माझं उत्तर दरवेळी भलतंच येतं.

भलतं येतं ते नव्वद टक्के वेळा युनिटमुळे. तांब्याचं करून दाखवतो. सेलची बाजू ०.३६१५ नॅनोमीटर, म्हणजे ३.६१५ गुणिले १० चा उणे ८ वा घात सेंटिमीटर. तिचा घन केला की ४.७२ गुणिले १० चा उणे २३ वा घात घन सेंटिमीटर. सेलमध्ये अणू चार, एकेकाचं वजन ६३.५५ (तांब्याचा अणुभार) भागिले ॲव्होगाड्रो नंबर (६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात), चारांचं मिळून ४.२२ गुणिले १० चा उणे २२ वा घात ग्रॅम. भागाकार साधारण ८.९४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. नॅनोमीटरचा सेंटिमीटर आधी करा, मग घन करा, उलट केलंत की मेलात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझं तांबं हवेपेक्षा हलकं आलं होतं आणि मी ते तसंच सबमिटपण केलं.

आता एक गंमत बघा. ॲल्युमिनियम, चांदी, सोनं तिघेही एफसीसी, आणि सेलची बाजू अनुक्रमे ०.४०५, ०.४०९, ०.४०८ नॅनोमीटर, म्हणजे डबा जवळपास एकाच मापाचा! पण घनता २.७, १०.५ आणि १९.३. सगळा फरक अणूच्या वजनाचा. त्यामुळे "दाट पॅकिंग म्हणजे जड धातू" असं लिहू नका.

७. एफसीसी आणि एचसीपी दोन्हींचं पॅकिंग ०.७४, दोन्हीत प्रत्येक अणूला १२ शेजारी. मग फरक कुठे आहे?

थर रचायच्या क्रमात. एका पातळीत गोळे घट्ट मांडा, हा पहिला थर. दुसरा थर त्याच्या खळग्यांत बसतो. तिसऱ्या थराला मात्र दोन पर्याय असतात: पुन्हा पहिल्याच्या अगदी डोक्यावर बसला तर एचसीपी (क्रम १-२-१-२), आणि तिसऱ्याच प्रकारच्या जागी बसला तर एफसीसी (१-२-३-१-२-३). एवढाच फरक, पण त्याचा परिणाम प्रचंड. एफसीसीमध्ये हे घट्ट थर चार वेगवेगळ्या दिशांना सापडतात, एचसीपीमध्ये एकाच दिशेला. घरी बारा-पंधरा कंचे घेऊन एकदा करून बघाच, पुस्तकातली थ्रीडी चित्रं बघून हे डोक्यात जात नाही.

८. सर म्हणतात एफसीसी मऊ आणि बीसीसी कडक. कारण काय लिहायचं?

कारणाच्या आधी एक तक्रार. सोडियम बीसीसी आहे आणि सुरीने लोण्यासारखं कापलं जातं, त्यामुळे हे वाक्य नियम म्हणून चुकीचंच आहे. कडकपणा अणूंमधल्या बंधावरही अवलंबून असतो. स्ट्रक्चरवरून जे खात्रीने सांगता येतं ते असं, की धातू किती सहज आकार बदलेल आणि तापमानाप्रमाणे त्यात किती फरक पडेल.

धातू वाकतो म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, यालाच स्लिप म्हणतात. सरकायला घट्ट आणि गुळगुळीत थर लागतो आणि त्या थरात घट्ट दिशा लागते. एफसीसीमध्ये असे चार थर, प्रत्येकात तीन दिशा, म्हणजे १२ स्लिप सिस्टीम आणि सगळ्या सोप्या. बीसीसीमध्ये मोजायला गेलं तर ४८ पर्यंत निघतात, पण एकही थर पूर्ण घट्ट नाही, खडबडीत आहेत, त्यामुळे सरकवायला जास्त जोर लागतो आणि थंडीत तर फारच (प्रश्न १६). एचसीपीमध्ये सहज चालणाऱ्या सिस्टीम तीनच, त्याही एकाच थरात. आणि अनेक ग्रेनच्या तुकड्याला हवा तसा आकार घ्यायचा तर किमान पाच स्वतंत्र सिस्टीम लागतात. म्हणून मॅग्नेशियमचा पत्रा थंड असताना वाकवला की तडकतो आणि दोनेकशे अंशांच्या वर तापवला की ऐकतो, कारण तिथे बाकीचे थर पण सरकायला लागतात.

९. अख्खा थर एकदम सरकतो का?

नाही, आणि या एका प्रश्नात सगळा विषय आहे असं माझं मत. फ्रेंकेलने १९२६ मध्ये हिशोब केला की अख्खा थर एकदम सरकवायचा तर साधारण शिअर मॉड्युलस (आकार तिरका करायला धातू किती विरोध करतो त्याचं माप) भागिले २π एवढा ताण लागेल. तांब्यासाठी तो येतो ७ गिगापास्कलच्या घरात. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा एकसंध क्रिस्टल १ मेगापास्कलच्या आसपासच सरकायला लागतो. हजारोपट कमी! इतका फरक म्हणजे मोजमापाची चूक नाही, चित्रच चुकलेलं होतं.

उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून दिलं: क्रिस्टलमध्ये अर्धवट घुसलेल्या अणूंच्या ओळी असतात, डिस्लोकेशन, आणि थर सरकतो तो त्या ओळीच्या सरकण्याने, थोडा थोडा करत. मोठी सतरंजी एका टोकाने ओढून बघा, हलत नाही. तिला एक सुरकुती पाडा आणि ती सुरकुती हाताने पुढे ढकलत न्या, सतरंजी आरामात सरकते. सुरकुती म्हणजे डिस्लोकेशन.

१०. तांब्याची तार दोन-चारदा वाकवली की कडक होते, ती का? तांबं तर तेच आहे.

तांबं तेच, स्ट्रक्चर पण एफसीसीच, पण आत सुरकुत्यांची गर्दी झाली. वाकवताना नवीन डिस्लोकेशन तयार होतात, एकमेकांत अडकतात, ट्रॅफिक जाम होतो. मऊ तुकड्यात एक चौरस मीटरमागे १० चा १० वा ते १२ वा घात इतक्या डिस्लोकेशन असतील तर चांगल्या ठोकलेल्या तुकड्यात १० च्या १५ व्या घाताच्या पुढे जातात. ती तार लाल होईपर्यंत तापवा, गार करा, पुन्हा दोऱ्यासारखी मऊ. तांबट भांडं घडवताना मध्येमध्ये भट्टीत घालतात ते याचसाठी, त्यांना डिस्लोकेशन हा शब्द कळायच्या हजारो वर्षं आधीपासून.

११. ग्रेन डोळ्यांनी दिसतात का? आणि बारीक ग्रेन चांगले की मोठे?

दिसतात. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा किंवा बादली बघा, त्यावर बर्फाच्या नक्षीसारखे चट्टे असतात, ते जस्ताचे ग्रेन. जुन्या पितळी मुठीवर पण हाताच्या घामाने गंजून गंजून कधीकधी ग्रेन उठून दिसतात.

बारीक ग्रेन म्हणजे सीमा जास्त, आणि प्रत्येक सीमेवर डिस्लोकेशनला ब्रेक लागतो, म्हणून नेहमीच्या तापमानाला बारीक ग्रेनचा धातू मजबूत. हॉल-पेच नियम तो हाच, ताकद ग्रेनच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. अपवाद मात्र मोठा आहे. खूप गरम जागी, उदाहरणार्थ जेट इंजिनच्या टर्बाइनमध्ये, त्याच सीमांवरून धातू हळूहळू ओघळतो, म्हणून तिथली पाती चक्क एकाच ग्रेनची ओततात.

१२. लोखंड तापवल्यावर स्ट्रक्चर बदलतं म्हणे. ते घन असतानाच? वितळत नाही?

घन असतानाच. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसपर्यंत बीसीसी, तिथून १३९४ पर्यंत एफसीसी, मग पुन्हा बीसीसी आणि १५३८ ला वितळतं. हे दिसतं सुद्धा. स्टीलची ताणलेली तार करंट सोडून लालभडक करा, ती लांब होऊन खाली झोळ खाते. करंट बंद केला, खोली अंधारी ठेवली, तर गार होता होता तार वर चढत येते आणि मध्येच एक झटका देऊन पुन्हा खाली येते आणि त्याच क्षणी तिचा विझत आलेला लाल रंग परत उजळतो. एफसीसीचं बीसीसी झालं, जागा जास्त लागली म्हणून तार लांबली, आणि बदलताना उष्णता बाहेर पडली म्हणून चमकली. मी हे बघितलं तेव्हा आधी वाटलं कोणीतरी स्विच परत दाबला.

हुशार लोक इथे विचारतात की ०.६८ वरून ०.७४ म्हणजे आकारमान ८ टक्के कमी व्हायला हवं, प्रत्यक्षात १ टक्क्याच्या आसपासच का? कारण अणू कडक गोळा नाही. शेजारी ८ चे १२ झाले की अणू थोडा फुगल्यासारखा वागतो, अंतरं वाढतात, आणि बराचसा फायदा तिथेच जिरतो.

१३. अल्फा, गॅमा, डेल्टा. लोखंडाचा बीटा कुठे गेला?

आधी नावं: ९१२ अंशांच्या खालचं बीसीसी ते अल्फा, मधलं एफसीसी ते गॅमा, १३९४ च्या वरचं बीसीसी ते डेल्टा. बीटा होता, नंतर काढून टाकला. ७७० अंशांना लोखंडाची चुंबकीयता जाते, तेव्हा जुन्या लोकांना वाटलं हा वेगळा प्रकार, ७७० ते ९१२ ला बीटा नाव दिलं. नंतर एक्स-रेने बघितलं तर स्ट्रक्चर बीसीसीच, काहीच बदललं नव्हतं. नाव गेलं, बाकीच्यांची अक्षरं तशीच राहिली.

१४. एफसीसी लोखंड जास्त घट्ट भरलेलं, तरी त्यात कार्बन जास्त विरघळतो. उलट नको का?

बसमध्ये दहा जागा रिकाम्या आहेत पण सगळ्या सुट्या सुट्या, तर तिघांच्या फॅमिलीला एकत्र बसायला एकही बाक मिळत नाही. बीसीसीचं तसं आहे. रिकामी जागा एकूण जास्त पण तुकड्यातुकड्यांत. एफसीसीमध्ये एकूण कमी, पण खळगे मोठे, सगळ्यात मोठ्यात अणूच्या त्रिज्येच्या ०.४१४ पट गोळा मावतो, बीसीसीत ०.२९१ पटच. म्हणून एफसीसी लोखंडात ११४७ अंशांना वजनाने सुमारे २.१ टक्के कार्बन जातो, बीसीसीत ७२७ अंशांना जेमतेम ०.०२ टक्के. लालभडक स्टीलला एकदम पाणी दिलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, स्ट्रक्चर ताणलं जातं आणि मार्टेन्साइट बनतं, कडक आणि ठिसूळ.

यातला अवघड अपवाद: बीसीसीमध्ये कार्बन ०.२९१ च्या मोठ्या खळग्यात न बसता ०.१५५ च्या छोट्या खळग्यात बसतो! कारण छोट्या खळग्याला खरं अडवणारे शेजारी दोनच, त्या दोघांना ढकललं की काम झालं. मोठ्यात चौघांना ढकलावं लागतं.

१५. स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणजे ते असली, हे खरं का?

खरं नाही. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, निकेलमुळे ते नेहमीच्या तापमानालाही एफसीसी राहतं आणि चुंबकाला दाद देत नाही. ४३० ग्रेडमध्ये निकेल जवळपास नाही, ते बीसीसी, त्याला चुंबक चिकटतो, आणि तेही अस्सल स्टेनलेसच. त्याहून मजा म्हणजे ३०४ च्या सिंकवर चुंबक फिरवा, सपाट भागावर घसरतो आणि खोल दाबलेल्या कोपऱ्यात हलकासा धरतो, कारण दाबताना तिथल्या काही भागाचं चुंबकीय मार्टेन्साइट झालंय. आणि यावरून "एफसीसी म्हणजे चुंबकीय नाही" असा नियम करू नका, निकेल एफसीसी आहे आणि चांगलं चुंबकीय आहे.

१६. थंडीत स्टील ठिसूळ होतं पण ॲल्युमिनियम होत नाही, असं का?

बीसीसीचे खडबडीत थर (प्रश्न ८) सरकायला उष्णतेची थोडी मदत लागते. तापमान उतरलं की ती मदत कमी होते, सरकण्यापेक्षा फुटणं स्वस्त पडतं. एफसीसीला ती मदत फारशी लागतच नाही. जानेवारी १९४३ मध्ये शेनेक्टडी नावाचं नवं कोरं टँकर जहाज अमेरिकेत धक्क्याला उभं असताना, शांत पाण्यात, जवळपास दोन तुकडे झालं. हलक्या दर्जाचं स्टील, वेल्डिंगमधले दोष आणि थंडी, सगळं जुळून आलं. उणे १६२ अंशांचा द्रव नैसर्गिक वायू साठवायला साधं स्टील चालत नाही, तिथे एफसीसी स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा ९ टक्के निकेलचं खास स्टील लागतं, ते याचमुळे.

१७. टायटॅनियम एचसीपी असून चांगलं वाकतं, मग नियम मोडला ना?

नियमच अर्धवट पाठ केलेला असतो. आदर्श एचसीपीमध्ये उंची भागिले बाजू १.६३३ असते. जस्तात १.८५६ आहे, थर लांब लांब, म्हणून सरकणं फक्त त्या आडव्या थरांत. टायटॅनियममध्ये १.५८७, म्हणजे सेल चेपलेला, त्यामुळे उभ्या बाजूंचे थरही सरकतात आणि सिस्टीम वाढतात. उलट्या बाजूचा अपवाद हवा असेल तर इरिडियम घ्या, एफसीसी असूनही ठिसूळ, कारण तिथे अणूंचे बंध दिशेच्या बाबतीत हट्टी आहेत.

१८. चांदी, तांबं, सोनं सगळे एफसीसी आणि सगळे उत्तम वाहक. म्हणजे एफसीसीमुळे?

नाही. शिसं पण एफसीसी आहे आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण बारा-तेरापट. वहन इलेक्ट्रॉनच्या रचनेवर ठरतं.

१९. साधा घन, फक्त कोपऱ्यांवर अणू, असा धातू का नसतो?

असतो, एकच, पोलोनियम. पॅकिंग ०.५२ इतकं विरळ की बाकी कोणाला परवडत नाही. विचित्र मंडळी अजून आहेत: मँगनीजच्या एका सेलमध्ये ५८ अणू, गॅलियम तळहातावर वितळतं, आणि कथील १३ अंशांच्या खाली हिऱ्याच्या स्ट्रक्चरकडे वळायला लागतं, सुमारे २७ टक्के फुगतं आणि राखाडी भुगा होतो. आणि धातू क्रिस्टल असलाच पाहिजे असंही नाही, १९६० मध्ये सोनं-सिलिकॉनचा रस इतक्या झटक्यात गोठवला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, तो पहिला धातूचा काच.

२०. हे सगळं कोणी डोळ्यांनी बघितलंय का? एक्स-रेवरून बीसीसी की एफसीसी कसं ओळखायचं?

लाउएने १९१२ मध्ये दाखवलं की क्रिस्टलमधून एक्स-रे ठरावीक दिशांनाच फुटतात, पुढच्याच वर्षी ब्रॅग बापलेकांनी त्यावरून अणूंच्या जागा काढायला सुरुवात केली आणि १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. ओळखायचं असं: एक्स-रेच्या ग्राफवर उठणाऱ्या प्रत्येक रेषेच्या कोनाच्या साइनचा वर्ग काढा आणि गुणोत्तर बघा. ३:४:८:११ आलं तर एफसीसी. २:४:६:८ आलं तर बीसीसी.

आता तुम्ही म्हणाल २:४:६ म्हणजे १:२:३ च की, मग साधा घन आणि बीसीसी वेगळे कसे कळणार? बरोबर, पहिल्या सहा रेषांत नाहीच कळत. सातवी बघायची. बीसीसीमध्ये १४ असतो, म्हणजे गुणोत्तरात ७ येतो. साध्या घनात ७ येऊच शकत नाही, तीन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज ७ होत नाही, करून बघा. तिथे ६ नंतर थेट ८. लॅबमध्ये सहा रेषा मोजून ग्राफ बंद करणाऱ्यांनी मशीन अजून थोडा वेळ चालू ठेवा.